हवानात कोंगा शेकताना

आधी ते पांढरे सुती हातमोजे काढून ठेवा. हवेतला ओलावा मोजायचं ते इवलंसं यंत्रही घरीच राहू द्या. जिथे आपण निघालोय तिथे त्याचा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकेल आणि परत यायचं नाव घेणार नाही. फोन नको, टॉर्च नको. जुन्या कोंग्यांचा, म्हणजे हाताने वाजवायच्या या उभ्या ढोलांचा, नाद तुम्हाला कधी लागला, तुमच्याकडे कोणकोणते आहेत, कुठला कितीला पडला, हे सांगायची कितीही हुक्की आली तरी आवरा. तिथे कुणी ‘अरे वा’ म्हणणार नाही. खिशात सुटी नाणी आणि पायात मळले तरी चालतील असे बूट, बस.

चला. १९४८ सालचं हवाना.

पहिल्यांदा उकाडा अंगावर येतो. शर्ट पाठीला चिकटतो तो आता रात्रीपर्यंत सुटणार नाही. मग वास. एकामागून एक नव्हे, सगळे एकदम: डुकराच्या चरबीत नुकताच पडलेला लसूण, लाकडी कोळसा, भाजलेली कॉफी, गटार, चिरूट आणि या सगळ्याच्या तळाशी समुद्राचा खारटपणा. मालेकोनचा बांध इथून जवळच. तिथे वारा भन्नाट सुटलाय, पण कायो हुएसो वस्तीच्या या गल्लीत तो शिरत नाही. त्याचा ओलावा तेवढा शिरतो. हा ओलावा लक्षात ठेवा, आजच्या संध्याकाळची सगळी भानगड तोच करणार आहे.

बाजूला व्हा, ट्राम! ती घंटा बडवत गेली की मागोमाग शेंगदाणेवाल्याची आरोळी येते. त्याच्या डब्याच्या तळाशी निखारे असतात, वरती दाणे. लांब निमुळती कागदी पुडी तो तुमच्या हातात ठेवतो आणि बोटं भाजतात. कोपऱ्यावर तीन सेंताव्होंची कॉफी मिळते. दोन घोटांत संपते आणि दातांवर साखर ठेवून जाते. तिथेच टेकून उभा असलेला एकजण तुमच्या कानाशी येऊन विचारतो, काल रात्री स्वप्नात काय दिसलं? घाबरू नका, तो आकडेवाला आहे. इथल्या चोरट्या लॉटरीत प्रत्येक स्वप्नाला आकडा ठरलेला. घोडा आला तर १, फुलपाखरू आलं तर २, मेलेला माणूस आला तर ८. तुम्ही काहीतरी बोलायचं म्हणून ‘मांजर’ म्हणता. ‘४,’ तो म्हणतो आणि तुमचं एक नाणं गडप होतं.

आता त्या बोळात वळा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते, इतका तो अरुंद. बोळ संपतो आणि अंगण उघडतं. याला इथे सोलार म्हणतात. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, वर लाकडी गॅलरी, या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर धुणं. तुमचं स्वागत कुणाच्या तरी विजारीतून टपकणाऱ्या पाण्याने होतं. नळ एकच. बादल्यांची रांग लागलीय आणि रांगेत नंबरावरून जुंपलीय. भाषा कळत नसली तरी भांडण कळतं. चौघे डॉमिनो खेळतायत. ते सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात. कुणी केस विंचरतंय, कुणी तांदूळ निवडतंय, कोंबडी तुमच्या बुटाला चोच मारून बघते. एक आजीबाई खुर्ची दारात ओढून बसल्यात. त्या तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि काही न विचारता कापडी गाळणीतून गाळलेली कॉफी पुढे करतात. ‘घे रे बाळा, वाळलायस नुसता.’

आणि तिकडे, जिन्याखाली, ते उभं आहे. ज्याच्यासाठी तुम्ही आलात ते.

धावू नका. बघा. कमरेएवढं उंच, पोटाशी फुगलेलं, खाली निमुळतं होत गेलेलं लाकडी पिंप. कमानदार फळ्या एकमेकींना घट्ट भिडलेल्या, त्यांना आवळून धरणारे लोखंडी पट्टे, पट्ट्यांवर रिबिटी. निळा रंग, त्याच्या पोपड्यांखालून डोकावणारा लाल, म्हणजे कधीतरी कुठल्यातरी मिरवणुकीसाठी रंग बदललेला. तुमच्या छातीत धडधडायला लागतं. आजच्या बाजारात याला... आणि तेवढ्यात तुम्हाला दिसतं की एक पोरगा त्यावर बसलाय. चक्क कातड्यावर. टाचांनी फळ्या बडवत आंबा खातोय. आंब्याचा रस लोखंडी पट्ट्यावरून खाली ओघळतोय.

पोरगा उठतो तो आंबा संपल्यावर, आणि लगेच कुणीतरी तिथे इस्त्री ठेवायला येतं. नशीब, गार आहे.

ती उचलली गेली की जवळ जा. आपला कोंगा तो हाच, इथे तुंबादोरा म्हणतात याला. वरच्या काठाशी कातडं खाली दुमडून मोठ्या टोपीच्या चुकांनी ठोकलंय. ना आकडे, ना नट, ना पाना. नुसते खिळे, गोल रांगेत, दोनेक बोटं अंतराने. त्या रांगेखाली जुनी रिकामी भोकं, म्हणजे यापूर्वीचं कातडं फाटल्यावर ते काढून नवं ठोकलंय. त्याखाली आणखी एक रांग. एका भोकात आगपेटीची काडी ठोकून बसवलीय. कातडं खेचराचं: मधून गेलेली पाठीच्या कण्याची गडद रेघ दिसते, एका बाजूला अजून तुरळक केस आहेत, आणि जिथे हात पडतो तिथे ते गुळगुळीत, पिवळसर, जवळजवळ आरपार दिसेल असं झालंय. काठावर काळा पट्टा. जळल्याचा. तुमच्या नोंदवहीत या सगळ्याला ‘दोष’ म्हणतात.

पिंपाचा मालक कोण हे विचारावं लागत नाही. गोदीतून पाळी संपवून आलेला, खांद्यावर शर्ट टाकलेला तो माणूस थेट तुमच्यासमोर उभा राहतो. त्याचे तळवे बघा, पिंपाच्या काठासारखेच कडक. तुम्ही धीर करून विचारता, विकणार का?

तो हसतो. मग बाजूच्या डॉमिनोवाल्यांना सांगतो, तेही हसतात. ‘पिंपं करणारा दोन गल्ल्यांपलीकडे बसतो,’ तो म्हणतो. ‘नवंकोरं करून देईल. याच्या दोन फळ्या मागच्या पावसात उलल्यात, बघितल्यास का? जुनं कशाला घेतोस?’

आता त्याला काय सांगणार? की तुमच्या काळात याच शहरातल्या व्हेर्गारांच्या हातची पिंपं मिळावीत म्हणून लोक वर्षानुवर्षं ताटकळतात? नव्या कोंग्यावर मुद्दाम ओरखडे पाडून तो जुना म्हणून खपवणारे आहेत आणि घेणारेही आहेत? राहू द्या. शेंगदाणे पुढे करा. तो मूठभर घेतो, सोलारमध्ये तुमची ओळख पक्की.

ऊन उतरलं. आता समुद्रावरून ओलावा सरकत येतो आणि तो कातड्यात शिरतो. मालक एक ठोका मारून बघतो. भद्द. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. चामडं पार उतरलंय. तुमच्या घरच्या कोंग्याला सहा नट असतात, पाना फिरवला की काम झालं. इथे एकच उपाय: विस्तव.

अंगणाच्या कोपऱ्यात फुटक्या खोक्याच्या फळ्या, थोडा कोळसा आणि कालचं वर्तमानपत्र. तीन पिंपं आडवी होतात, तोंडं जाळाकडे. हलगी तापवताना ज्यांनी बघितलीय त्यांना यात नवल वाटणार नाही. पण हलगी हातात धरून फिरवता येते, हे धूड फिरवायला गुडघे टेकावे लागतात. आणि मालकाने ते काम तुम्हाला दिलंय. ‘धर. फिरवत राहा. थांबलास तर जळेल.’

बसा उकिडवे. तोंडाला झळ, पाठीला घाम, डोळ्यांत धूर. केस जळल्याचा वास येतो. ते तुमचे आहेत की खेचराचे, हे लगेच कळत नाही. तळहात कातड्यावर ठेवायचा. कोमट झालं, फिरवा. गरम झालं, मागे घ्या. चटका बसला तर उशीर झाला. कातडं हळूहळू ताठ होत जातं आणि त्याच्याबरोबर आवाज वर चढतो. दर मिनिटाला बोटाच्या पेरांनी टकटक करून ऐकायचं. ठक. थोडं आणखी. टक. आणखी. टं. हा ‘टं’ आला की तीन ठिकाणच्या गप्पा थांबतात आणि माना वळतात. घाई केली तर चिरफाळतं, नाहीतर एवढं ताणतं की चुकाच उपटून निघतात. तुमचं लक्ष क्षणभर कोंबडीकडे जातं आणि काठाला बोटभर तपकिरी डाग पडतो. मालक तुमच्या डोक्यावर हलकीशी टपली मारतो. तुम्ही आता हवानातल्या एका पिंपाचा ‘दोष’ झालात.

खरं सांगायचं तर जुन्या कोंग्याची निगा म्हणून जे जे आपण करतो ना, मऊ फडकी, काचेचं कपाट, सावलीतली जागा, ते या अंगणात आजाऱ्याची शुश्रूषा वाटेल. इथे पिंपाची काळजी म्हणजे त्याला रोज संध्याकाळी आगीशी नेणं, फाटलं की खिळे उपटून नवं ठोकणं आणि रोज त्याच्यावर हात पडेल हे बघणं. काठावरचा काळा पट्टा हा निष्काळजीपणाचा नाही. शेकडो संध्याकाळी कुणीतरी उकिडवं बसून, डोळ्यांत धूर घेऊन, हात भाजून घेऊन हे पिंप शेकलं, त्याचा तो पट्टा आहे. तो पॉलिश पेपरने घासून काढणाऱ्यांना तुम्ही भेटला असाल. त्यांना एकदा इथे आणून बसवायला हवं.

पिंपं चढली. आता सुरू होणार म्हणून तुम्ही जागा पकडता, आणि सगळं अंगण एकदम शांत होतं. नळ बंद. डॉमिनो थांबला. रेडिओ! ‘एल देरेचो दे नासेर’ लागलंय. फेलिक्स काइग्नेतची ही मालिका याच वर्षी सीएमक्यूवर सुरू झालीय, एकूण ३१४ भाग चालायचीय आणि सध्या सगळ्या बेटाला तिने वेड लावलंय. ज्यांच्याकडे रेडिओ आहे त्यांनी तो खिडकीत ठेवलाय, ज्यांच्याकडे नाही ते त्या खिडकीखाली. चार खोल्यांतून एकच आवाज, क्षणाच्या मागेपुढे. मूल कुणाचं, नातू कुणाचा, कुणाला ठाऊक आहे आणि कुणापासून लपवलंय. आजीबाई पदर नाही म्हणून एप्रन डोळ्यांना लावतात. गोदीवालाही ऐकतोय, पाठ करून, आपण ऐकतच नाही अशा थाटात.

भाग संपतो. नाकं शिंकरली जातात. मालक पिंपावर ठोका मारतो.

भद्द.

पुन्हा उतरलं. पुन्हा वर्तमानपत्र. पुन्हा तुम्ही उकिडवे.

मात्र आता गर्दी थांबायला तयार नाही. पिंपं तापेपर्यंत कुणीतरी लाकडी खोकं ओढून त्यावर बसतो आणि बसल्या बसल्या दोन पायांमध्ये हात मारायला लागतो. खारवलेले मासे ज्यातून येतात ते खोकं. इथल्या रुंबाचं हेही अस्सल वाद्य. कातडं नसेल तेव्हा खोकी आणि कपाटाचे खण वाजवून रुंबा होत आलाय. दुसऱ्याने हातात दोन छोटे दांडके घेतले, क्लावे. टक, टक, टक... टक, टक. एवढंच. पण हे एकदा सुरू झालं की अंगणातल्या प्रत्येकाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं, श्वासानेसुद्धा. तुमच्या हातात दोन चमचे येतात आणि समोर एक बाटली. चुकलात तर सगळे एकाच वेळी तुमच्याकडे बघतील, तेव्हा जरा सांभाळून.

बाटली फिरते. उसाची कच्ची दारू. पहिले चार थेंब जमिनीवर, मेलेल्यांसाठी, मग जिवंतांच्या घशाला. घसा सोलून निघतो. आणि मग तिन्ही पिंपं लागतात. सगळ्यात जाडा आवाज पाया धरतो, मधला त्याला उत्तर देतो, आणि सगळ्यात चढा, किंतो, त्या दोघांच्या मधल्या फटीतून पळत सुटतो. तुम्ही रेकॉर्डवर हे हजारदा ऐकलंय. पण रेकॉर्डवर तो ठोका तुमच्या पोटात लागत नव्हता. खालच्या उघड्या तोंडातून आवाज जमिनीवर आदळतो आणि तुमच्या तळपायातून वर चढतो. गॅलरी हलते. माणसं एकमेकांना चिकटून, सगळ्यांचा घाम सगळ्यांना.

एक बाई मध्ये उतरते, घागऱ्याची टोकं दोन बोटांत. समोर तो, रुमाल घेऊन. तो भोवती फिरतो, भलतीकडेच बघतोय असं दाखवतो आणि अचानक कमरेने असा झटका देतो की तुम्ही इथे आईबरोबर आला नाहीत हे बरं. तिने त्याच क्षणी घागरा पुढे ओढून झाकलं! अंगण ओरडतं. आजीबाई सगळ्यात मोठ्याने. चढं पिंप त्या झटक्यावर बरोब्बर फटका मारतं, कारण वाजवणारा हाताकडे बघतच नाही, त्याची नजर तिच्या पायांवर आहे.

अर्ध्या तासात चढं पिंप उतरायला लागतं. गाणं थांबत नाही. एकजण ते उचलतो, जाळाशी तापत ठेवलेलं दुसरं त्याच्या जागी सरकवतो. ठोका एकही चुकत नाही. तेव्हा तुमच्या लक्षात येतं की आगीशी बसलेला तो पोरगा, मघाचा आंबेवाला, इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मधल्या विश्रांतीत गप्पा रंगतात. टपाल वाटणाऱ्या मोंगो सांतामारियाचा हात कसा पडतो. आंधळ्या आर्सेनियो रोद्रिगेसने तुंबादोरा थेट बँडमध्ये नेऊन उभा केला तेव्हा शिष्ट लोकांनी नाकं कशी मुरडली. आणि चानो! हवानाचा चानो पोसो न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पीबरोबर वाजवतो, कार्नेगी हॉलमध्ये वाजवलंन. तिकडून येईल तेव्हा काय सूट घालून येईल यावर पैजा लागतात. त्या वर्षीच्या डिसेंबरात हार्लेममधल्या बारमध्ये काय होणार आहे, चानोवर कोण गोळी झाडणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. चमच्यांकडे बघा. बोलू नका.

मालकाने पिंप काही तुम्हाला विकलं नाही. पण त्याचा मावसभाऊ बोटीवर कामाला लागलाय, तो ते बरोबर नेतो. तुम्हीही चला मागोमाग. अंगात जाड कोट हवा, कारण आपण थेट जानेवारीत उतरणार आहोत.

न्यूयॉर्क, १९५० च्या पुढेमागे, ईस्ट हार्लेम. चौथा मजला, लिफ्ट नाही. खोलीत पाच माणसं, एक खाट आणि एक रेडिएटर, जो रात्रभर खोकल्यासारखा ठणठणत असतो. बाहेर बर्फ, आत कोरडी भट्टी. हवानात सतत उतरणारं कातडं इथे भलतंच चढतं. हात लावला तर किरकिरतं. आणि लाकूड! समुद्राच्या ओलाव्यात फुगून घट्ट बसलेल्या फळ्या आता वाळून आकसतात. सकाळी उठून बघावं तर दोन फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतोय आणि खालचा लोखंडी पट्टा सैल होऊन जमिनीवर पडलाय. मध्यरात्री फटाक असा आवाज येतो. गोळी नव्हे. चूक उपटली.

म्हणून इथली निगा उलटी. विस्तवाऐवजी ओलं फडकं. कातड्यावर दमट टॉवेल, पिंप रेडिएटरपासून जितकं लांब नेता येईल तितकं, म्हणजे थेट न्हाणीघरात. सकाळी तोंड धुवायचं तर आधी पिंप बाहेर काढा. शेजारीण छताला झाडूचा दांडा ठोकते; तालात ठोकते असं मावसभावाचं म्हणणं.

बुधवारी मात्र त्याला पुन्हा शेकावं लागतं, कारण बुधवारी पॅलेडियम. ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याचा कोपरा, जिना चढून वर. टॅक्सीवाले पिंप बघून काच वर करतात, त्यामुळे ते भुयारी रेल्वेतून, तेही गर्दीच्या वेळी. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. इटालियन शिंपी, ज्यू कारकून, पोर्तो रिकोच्या शिवणकाम करणाऱ्या मुली, हॉलिवूडचा एखादा चेहरा, सगळे एकाच लादीवर मांबो नाचतायत. माचितो, तितो पुएंते, तितो रोद्रिगेस, एका बँडचा घाम वाळायच्या आत दुसरा. पावडर, ब्रिलियंटाइन, ओले लोकरी कोट. पण तुम्ही स्टेजच्या मागे या, आपलं काम तिथे. पिंपं रस्त्यावरच्या थंडीतून आलीत, सर्दावलेली. मावसभाऊ संडासात पत्र्याच्या डब्यात स्पिरिटचा जाळ लावतो आणि पिंप त्यावर धरतो. धूर दाराच्या फटीतून बाहेर जातो. मॅनेजर धावत येतो. ‘हॉल पेटवायचाय का तुम्हाला?’

ही रोजची कटकट संपली ती लोखंडामुळे. काठाभोवती कडं, कड्याला आकडे, आकड्यांना नट. हवं तेवढं चढवा, हवं तेवढं उतरवा. या बदलाशी कार्लोस ‘पातातो’ वाल्देसचं नाव जोडलं जातं. लॉस एंजेलिसात मारियानो बोबाडिया १९५४ पासून गॉन बॉप्स नावाने कोंगे घडवू लागला. पुढे क्युबाचा माल अमेरिकेत यायचा बंद झाला, तेव्हा मार्टिन कोहेन नावाच्या इंजिनिअरने १९६४ मध्ये लॅटिन पर्कशनचा व्याप उभा केला. तोवर इकडे आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तून लॅटिन ताल भगवानदादांच्या पायांत कधीच उतरला होता. असो. त्या रात्री पॅलेडियमच्या संडासात मावसभाऊ पहिल्यांदा कुणाचा तरी पाना हातात घेतो, नट फिरवतो, ठोका मारतो. टं. धूर नाही, चटका नाही. तो आनंदाने शिवी देतो. आगीची आठवण काढून हळहळणारा तिथे कुणी नाही, ते काम आपण लोकांनी मागाहून अंगावर घेतलं.

आता शेवटची उडी, दहा-पंधरा वर्षं पुढे. हार्लेममधलं गहाणवटीचं दुकान. काचेत सॅक्सोफोन, लग्नाच्या अंगठ्या, बंदुकीचा खोका. मागे, पायऱ्या उतरून तळघरात, कोंदट अंधारात आठ-दहा कोंगे उभे. इथे तुम्हाला सूर सापडतो. खाली वाका, तोंड आत घालून वास घ्या: बुरशीचा असेल तर काढता पाय घ्या, नुसता जुन्या लाकडाचा असेल तर पुढे. बोटाने प्रत्येक पट्टा ठोका. खुळखुळला तर लाकूड आकसलंय, पण ते सुधारतं. फळीला आडवी चीर असेल तर सोडून द्या. सांध्यातली उभी फट चालते. खालचा काठ बघा, फरपटत नेल्याने एका बाजूला झिजलेला असतो. आणि वर, नव्या आकड्यांच्या मागे, बोट फिरवा. भोकं लागतायत? गोल रांगेत? म्हणजे हे मुळात खिळ्यांचं. कुणीतरी नंतर आकडे बसवले. पुष्कळ संग्राहक इथे नाक मुरडतात, ‘मूळ राहिलं नाही’ म्हणतात. माझं मत विचाराल तर घ्या. त्या माणसाला दर बुधवारी वाजवायचं होतं.

तुम्ही काठावर बोटभर तपकिरी डाग शोधताय, मला दिसतंय. सापडतो. शेजारच्या पिंपावरही सापडतो. त्याच्या पलीकडच्यावर दोन. सगळ्यांनाच डाग आहेत, सगळ्यांच्याच मागे कुठेतरी कोंबडी होती.

एक निवडा. निळ्याखाली लाल असलेला, ना? हा घरी नेलात की त्याला नवा करायला जाऊ नका. रंग खरवडू नका, भोकं लांबीने बुजवू नका. वाजवून झालं की नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, नाहीतर रात्रीतून ताण फळ्यांवर येतो. मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळाल तर चार दिवसांत कातड्यावर बुरशी. कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. एसीच्या झोताखाली ठेवाल तर ईस्ट हार्लेमचा जानेवारी घरात आणलात. आणि वाजवा. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा हात पडू द्या, मग शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

पण हे सगळं नंतर. आत्ता समोर बघा. दुकानदाराने तुम्हाला एकाच पिंपाशी इतका वेळ रेंगाळताना पाहिलंय. तो फडकं आणि पॉलिश पेपर घेऊन आलाय आणि काठावरच्या काळ्या पट्ट्यावर जोर लावून घासायला सुरुवात करतोय, गिऱ्हाइकाला माल चकचकीत दिसावा म्हणून. तुम्ही ओरडता, ‘नका! घासू नका!’

त्याचा हात थांबतो. तो पट्ट्याकडे बघतो, मग तुमच्याकडे, मग पुन्हा पट्ट्याकडे.

‘जळकं आहे म्हणून पंधराला देणार होतो,’ तो फडकं खांद्यावर टाकत म्हणतो. ‘आता तीस.’